‘ठीक.’ म्हणजे नेमकं काय?

आजचा भाग एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द म्हणजे ‘ठीक’.

मागच्या वर्षी मी नोकरी सोडली. बाबांना समोरासमोर सांगायची हिंमत होईना, म्हणून व्हॉट्सॲपवर लांबलचक मेसेज टाकला. लगेच ब्लू टिक आल्या. अर्ध्या तासानं उत्तर आलं, ‘ठीक.’ पूर्णविरामासकट! बाबा चिडले, असं मी धरून चाललो आणि चार दिवस घरी फोनच केला नाही.

आता मला सांगा, बाबांचा निरोप माझ्यापर्यंत पोचला होता का?

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर काळाप्रमाणे बदलत गेलंय. सुमारे २३०० वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं भाषणाचे तीन भाग सांगितले: बोलणारा, विषय आणि ऐकणारा. यात शेवटचा शब्द ऐकणाऱ्याचा, कारण भाषण असतं त्याच्यासाठीच.

त्या काळी दूरचा निरोप न्यायला बहुतेकदा माणूसच लागायचा. आपल्याकडेही जासूद असायचे. काही कळलं नाही, तर निदान समोरच्या माणसाला विचारता यायचं. मग १९व्या शतकात तारयंत्र आलं आणि निरोप माणसाच्या पुढे धावायला लागला. पण तारेचे पैसे शब्दांवर लागायचे, त्यामुळे लोक शब्द मोजूनमापून लिहायला लागले. आपल्याकडे ही तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली.

पुढे १९४८मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधल्या क्लॉड शॅनन यांनी निरोपाचं चक्क गणित मांडलं. पाठवणारा, मधली वाट, त्या वाटेवरचा गोंगाट आणि घेणारा. इकडून निघालेला मजकूर तिकडे जसाच्या तसा कसा पोचवायचा, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मजकुराचा अर्थ काय, याच्याशी इंजिनिअरला देणंघेणं नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं. आज तुमच्या मोबाइलवर हा भाग पोचतो, त्यामागे हेच गणित आहे.

घोळ नंतर झाला. माणसांच्या बोलण्याकडेही लोक याच चित्रातून बघायला लागले. जणू अर्थ म्हणजे कुरिअरचं पार्सल, दारात पोचलं की काम संपलं!

शॅनन यांच्या हिशोबानं बाबांचा ‘ठीक’ शंभर टक्के पोचला होता. एक अक्षरही हरवलं नव्हतं. तरी मी चुकलोच ना?

१९७३मध्ये ब्रिटनमधल्या स्टुअर्ट हॉल यांनी टीव्हीबद्दल लिहिताना नेमकं इथेच बोट ठेवलं. कार्यक्रम करणारा त्यात एक अर्थ भरतो, पण बघणारा आपल्या अनुभवातून स्वतःचा अर्थ काढतो. दोन्ही जुळतीलच असं नाही. त्याआधी, १९६७मध्ये पॉल वॉट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हटलं होतं की, दोन माणसांमध्ये काहीच न सांगणं शक्यच नाही. गप्प बसणं हासुद्धा निरोपच असतो.

हे वाचताना मला माझे चार दिवस आठवले. पाचव्या दिवशी आईचा फोन आला होता. “अरे, तू बाबांवर रागावलायस का? सारखा फोन हातात घेऊन बसतात.”

म्हणजे मी त्यांच्या एका शब्दाचा अर्थ लावत बसलो होतो आणि ते माझ्या गप्प बसण्याचा. दोघांचेही अर्थ चुकले होते.

मग बाबाच फोनवर आले. “ठीक म्हणजे ठीक रे. विचार करून सोडलीस ना? मग झालं. घरी कधी येतोस?”

बाबांनी त्यांच्या पहिल्या नोकरीची बातमी गावाला तारेनं कळवली होती. मोजके शब्द लिहायची सवय तेव्हापासूनची. ती मला माहीत होती, तरी मी त्या पूर्णविरामात राग शोधत बसलो.

तेव्हा मंडळी, ब्लू टिक फक्त एवढंच सांगते की मेसेज उघडला गेला. समोरच्याला काय कळलं, ते तिला माहीत नसतं. पुढच्या वेळी कुणाचा ‘ठीक’ खटकला, तर चार दिवस थांबू नका. सरळ फोन लावा.

भेटूया पुढच्या भागात!