सावली कुणाच्या खात्यात?

परभणी शहराची तहान भागवायला जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणातून, पन्नासेक किलोमीटर लांबून, पाणी आणावे लागते. त्या जलवाहिनीवरचा खर्च कुणालाच उधळपट्टी वाटत नाही. पाइप पुरला की शहराची मालमत्ता वाढली, असे मानतात. त्यासाठी अनुदान मिळते, प्रसंगी कर्जही निघते. त्याच शहरात रस्त्याच्या कडेला लावलेला लिंब मात्र ‘उद्यान’ या शीर्षाखाली, शोभेच्या कामांच्या रांगेत बसतो आणि तिजोरीत खडखडाट झाला की पहिली कात्री त्याच्यावर चालते. ही हिशेबाची चूक आहे आणि ती महागात पडणारी आहे. परभणीसारख्या तापणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या शहरात झाडे, नाल्यांचे काठ, पाणी मुरवणारी मोकळी जमीन ही जलवाहिनीच्याच तोलामोलाची भांडवली कामे आहेत. त्यांचा परतावा खरा आहे. फक्त तो हजारो लोकांच्या खिशात थोडाथोडा पडतो आणि खर्च तेवढा एकट्या महापालिकेच्या वहीत दिसतो. म्हणून ही गुंतवणूक कुणीच करत नाही.

२०११ च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाख सात हजार होती आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. जिल्ह्यात जंगल म्हणावे असे फारसे नाही. वनाच्छादन एकूण क्षेत्राच्या एक टक्क्याच्या आसपास. शहरालगत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आहे, म्हणून डोळ्यांना थोडी हिरवाई दिसते. पण १९७२ साली स्थापन झालेल्या त्या संस्थेची शेते म्हणजे शहराच्या रस्त्यावरची सावली नव्हे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो तेव्हा मोंढ्यातला हमाल, हातगाडीवाला, बांधकामावरचा मजूर उन्हातच असतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये उष्णतेमुळे बुडणाऱ्या कामाचा अंदाज मांडला: १९९५ मध्ये भारताचे ४.३ टक्के कामाचे तास उष्णतेत गेले होते आणि २०३० पर्यंत हे प्रमाण ५.८ टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांएवढ्या श्रमावर जाईल. त्यात शेती आणि बांधकाम यांचा वाटा सर्वांत मोठा. शहर म्हणून परभणी या दोन्हींवरच उभी आहे.

सावलीने यात किती फरक पडतो, हे मोजलेले आहे. बंगळुरूत हरिणी नागेंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे असलेले आणि नसलेले रस्ते ताडून पाहिले. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुपारच्या वेळी झाडांच्या रस्त्यावर हवेचे तापमान ५.६ अंशांपर्यंत कमी आढळले आणि डांबराच्या पृष्ठभागाचे तब्बल २७.५ अंशांपर्यंत. बंगळुरूची हवा मुळात सौम्य, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे परभणीला लावता येणार नाहीत. पण उन्हाचा थेट मारा अडवला की शरीरावरचा भार उतरतो, हे भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे. आता एक साधा हिशेब करू; त्यातले आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. उघड्यावर राबणारी दहा हजार माणसे, उन्हाळ्याचे साठ दिवस, रोज एक तास काम बुडते, तासाची मजुरी साठ रुपये. वर्षाला ३ कोटी ६० लाख रुपये झाले. सावलीमुळे यातला चौथा हिस्सा जरी वाचला तरी दरवर्षी ९० लाख. जाळी, पाणी आणि तीन वर्षांची राखण धरून एका झाडाला तीन हजार रुपये लागले, तर दहा हजार झाडांचे तीन कोटी होतात. सावली धरायला सात-आठ वर्षे जातात. तोवरचे व्याज आणि मर झालेली रोपे धरली तरी पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करता हा सौदा तोट्याचा नाही. यात दवाखान्याचा खर्च, कूलरची वीज, दुपारी ओस पडणाऱ्या दुकानांची विक्री अजून धरलेलीच नाही.

दुसरी बाजू पावसाची. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला जिल्ह्यात अतिवृष्टी झाली आणि २०२५ च्या सप्टेंबरात तर सगळ्या मराठवाड्यानेच पुराचे पाणी सोसले. काळी माती कोरडी असताना तिच्या भेगांतून पाणी भराभर उतरते. एकदा फुगून मिटली की तीच माती पाणी वर ठेवते. त्यावर सिमेंटचा रस्ता आणि दोन्ही कडांना भिंतीपर्यंत गट्टू बसवले की उरलीसुरली वाटही बंद. पाणी मग पिंगळगडसारख्या नाल्यांवर एकदम चाल करून जाते आणि नाल्याचा काठ बांधकामांनी आवळलेला असतो. गटारे मोठी करत जाणे हा एक उपाय आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाने तो पडताळून पाहिला आणि २०११ मध्ये जमिनीखालच्या महागड्या बोगद्यांऐवजी पाणी मुरवणाऱ्या बागा, झाडांचे खड्डे आणि झिरपणारे रस्ते यांचा पंचवीस वर्षांचा, सुमारे २४० कोटी डॉलरचा कार्यक्रम हाती घेतला. न्यूयॉर्कने १९९७ मध्ये पिण्याच्या पाण्याबाबत असाच निर्णय घेतला होता: अब्जावधी डॉलरचे गाळण केंद्र बांधण्यापेक्षा पाणलोटातली जमीन आणि शेती सांभाळायला पैसे द्यायचे. श्रीमंत शहरांनीही हिरवळ निवडली ती स्वस्त पडते म्हणून.

सर्वांत वजनदार आक्षेप पाण्याचाच आहे, आणि तो टाळता येत नाही. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा मुलखात माणसांच्या तोंडचे पाणी झाडांना घालायचे का? आकडे मात्र वेगळे सांगतात. रोपाला आठवड्याला वीस लिटर, तेही पावसाळा वगळून पस्तीस आठवडे द्यायचे, तर वर्षाला सातशे लिटर. दहा हजार रोपांना सत्तर लाख लिटर. माणशी रोज १३५ लिटर हा सरकारी मापदंड लावला तर तीन लाख वस्तीला रोज चार कोटी लिटरच्या वर पाणी हवे. म्हणजे दहा हजार रोपांची वर्षभराची गरज शहराच्या एका दिवसाच्या पाण्याचा साधारण सहावा हिस्सा आहे, आणि ती दोन-तीन वर्षेच भागवायची आहे. शिवाय वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते. प्रक्रिया केलेले तेच पाणी रोपांना चालते. मुरवलेल्या पावसाचाही फुगवून हिशेब करू नये. वर्षाला ८५० मिलिमीटर पाऊस धरला तर एका हेक्टरवर ८५ लाख लिटर पडते. चाळीस हेक्टरवर चौतीस कोटी. त्यातले एक चतुर्थांश मुरले तर सगळ्या शहराची दोन दिवसांची गरज भागेल. याने येलदरीची जागा भरून निघणार नाही. पण ज्या गल्लीत नळाला बरेच दिवस पाणी येत नाही तिथे एप्रिलपर्यंत टिकलेला बोअर म्हणजे टँकरचे वाचलेले पैसे असतात, आणि ते पैसे गरीब घराचे असतात.

दुसरा आक्षेप अनुभवातून आलेला आहे: झाडे लावतात, जगत नाहीत. राज्याने २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता, आणि आकड्यांच्या त्या धावपळीत खड्डे मोजले गेले. झाडे जगवण्याची कळकळ तेवढी दिसली नाही. यावरून वृक्षलागवड निरुपयोगी ठरत नाही, ठेक्याची रीत चुकीची ठरते. पाइप टाकणाऱ्या ठेकेदाराला पाणी आल्याशिवाय पूर्ण देयक मिळत नाही. झाडाच्या ठेक्याला तिसऱ्या मे महिन्यात जिवंत असलेल्या झाडामागे पैसे द्यावेत. काय लावायचे, यातही काटेकोरपणा हवा. भराभर वाढते म्हणून सुबाभूळ, फुलते म्हणून गुलमोहर, ही निवड इथे कामाची नाही. लिंब, करंज, चिंच, शिरीष हा इथला कसलेला माल आहे. काळ्या मातीत घराला खेटून मोठे झाड लावले तर मुळे पायाजवळचा ओलावा ओढतात आणि भिंतींना तडे जातात, ही लोकांची तक्रारही खरी आहे. घरापासून अंतर राखून, रस्त्याच्या बाजूला खोल खड्डा घेऊन लावणे हे त्याचे उत्तर. विद्यापीठात वनस्पती, मृदा आणि हवामान जाणणारी माणसे आहेत. महापालिकेला हा सल्ला घ्यायला दूर जावे लागत नाही.

मग पैसे कुठून? परभणी ड वर्गाची महापालिका आहे. गाझियाबादने २०२१ मध्ये सांडपाणी शुद्धीकरणासाठी दीडशे कोटींचे हरित रोखे काढले, तसे इथे आज कुणी घेणार नाही. आधी रस्ते, गटारे, पगार, मग झाडे, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे समजते; पण रस्ता आणि गटार करतानाच झाडाची जागा ठेवली तर वेगळा खर्च फारसा पडत नाही, नंतर सिमेंट फोडून करायला मात्र दामदुप्पट लागतात. अमृत योजनेत हिरव्या जागांचा घटक होताच. माझी वसुंधरा अभियान २०२० पासून चालू आहे. मला त्याहून जवळचा वाटतो तो महाराष्ट्राचा स्वतःचा धडा. १९७२ च्या दुष्काळात या राज्याने रोजगार हमी उभी केली आणि मजुरीच्या पैशातून पाझर तलाव, बांध, रस्ते झाले. मदत म्हणून दिलेला रुपया मालमत्ता होऊन उरला. शहरातल्या मजुराला मात्र अशी हमी कधीच मिळाली नाही. रोपांची राखण, नाल्यांचे काठ सावरणे, मुरण खड्डे उपसणे ही कामे तशीच आहेत: यंत्र कमी, हात जास्त, आणि मोंढा थंडावलेल्या महिन्यांत नेमकी लागणारी.

जागेचा प्रश्न याहून अवघड आहे. २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के ओपन स्पेस ठेवणे बंधनकारक केले आहे. पण शहराच्या कडेला गुंठेवारीने वाढलेल्या वस्त्यांना अशी जागा कधी मिळालीच नाही, आणि पत्र्याच्या छपराखाली सर्वांत जास्त तापतात त्याच वस्त्या. म्हणून पहिला रुपया उद्यानांत कारंजे बसवायला जाऊ नये. तो त्या वस्त्यांच्या मुख्य रस्त्यांवर, बसथांब्यांवर, शाळांच्या आवारात आणि मजूर अड्ड्यांवर पडावा. आहे ती झाडे तोडून नव्यांचे आश्वासन देण्याचा मार्गही बंद व्हायला हवा. वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने पन्नास वर्षांहून जुने झाड वारसा वृक्ष मानले आहे आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावण्याची अट घातली आहे. रस्ता रुंदीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावाला महापालिकेने तोडायच्या झाडांचे रुपयांतले मोल जोडले पाहिजे. ते काढायला स्थानिक मोजमाप हवे. कृषी विद्यापीठाच्या मदतीने वसमत रोड किंवा जिंतूर रोडवर दाट झाडांचा एक तुकडा आणि उघडा एक तुकडा निवडून दोन उन्हाळे तापमान, विजेचा वापर आणि दुपारची वर्दळ नोंदवली, तर पुढच्या अर्थसंकल्पात झाडांसाठी भांडवली शीर्ष मागताना सभागृहापुढे परभणीचेच आकडे ठेवता येतील.