आमरीचं नाव तिच्या पाठीमागे असतं

आमरी म्हटलं की झाडाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी आठवते. पण ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या आसपासच्या डोंगरांत पावसाळ्यात आमरीच्या कितीतरी जाती थेट मातीतून उगवतात. वीत-दीड वीत उंचीची ही रोपं येऊरच्या जंगलात किंवा मलंगगडाच्या उतारांवर गवतात अशी मिसळून जातात, की पाय पडेपर्यंत कळत नाही. कुणाला दिसलीच, तर समोरून एक फोटो निघतो, तो ग्रुपवर जातो आणि उत्तर येतं, ‘हबेनारिया’. हे उत्तर बरोबर असलं तरी अपुरंच. हबेनारिया ही प्रजाती आहे आणि जगभरात तिच्या ८००हून अधिक जाती आहेत.

नेमकी जात ठरवायची तर फूल बाजूने पाहावं लागतं. हबेनारियाच्या फुलात वरचं एक निदल आणि दोन पाकळ्या मिळून टोपडं तयार होतं. खाली येते ती तिसरी पाकळी, म्हणजे ‘ओठ’. तो बहुधा तीन भागांत चिरलेला असतो. ओठाच्या तळातून मागे एक पोकळ नळी निघते आणि तिच्यात मध असतो. फुलामागचा जो भाग नवख्याला देठ वाटतो, तो खरं तर बीजकोश असतो. नळी बीजकोशापेक्षा आखूड की लांब, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत वारंवार येतो. सह्याद्रीतल्या हबेनारिया लाँगीकॉर्निक्युलाटाची नळी १० सेंटीमीटरहूनही लांब भरते. समोरून काढलेल्या फोटोत तिचा पत्ताच लागत नाही.

आपल्याकडच्या काही जाती मात्र सरावाने चटकन ओळखता येतात. पहिल्या पावसानंतर जमिनीला चिकटलेलं गोलसर पान आणि त्यातून वर आलेली मोजकी, मोठी पांढरी फुलं दिसली, तर ती बहुधा हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस. श्रावण-भाद्रपदात पिवळी फुलं आणि जमिनीवर पसरलेल्या पानांना पिवळसर कडा असल्या, तर हबेनारिया मार्जिनाटा. ओठाचे बाजूचे भाग पंख्यासारखे रुंद आणि मधला भाग अरुंद असेल, तर प्लांटाजिनिया. तेच तीनही भाग दोऱ्यासारखे बारीक असून पानं दांड्यावर वरपर्यंत चढलेली असली, तर कॉमेलिनिफोलिया.

खरी कसोटी लागते ती पेरिस्टायलस या जवळच्या प्रजातीशी गाठ पडते तेव्हा. तिची फुलं बारीक, हिरवट-पांढरी आणि नळी अगदी आखूड, कित्येकदा गोळीसारखी. पण दोघींतला मुख्य फरक असतो कुक्षीत, म्हणजे पराग जिथे रुजतात त्या भागात. हबेनारियात कुक्षीची दोन टोकं पुढे आलेली दिसतात, तर पेरिस्टायलसमध्ये ती उशीसारखी बसकी असून ओठाच्या तळाला चिकटलेली असते. हे पाहायला दहापट मोठं दाखवणारं भिंग लागतं.

नर्व्हिलिया या आणखी एका आमरीची अडचण वेगळीच. पावसाच्या तोंडावर तिचा नुसता फुलांचा दांडा वर येतो, पान नसतंच. फूल सुकल्यावर एकच पान निघतं, गोलसर आणि घड्या पडलेलं. जूनमध्ये पाहिलेलं फूल आणि ऑगस्टमध्ये पाहिलेलं पान एकाच कंदाचं आहे, हे कळायला त्याच जागी पुन्हा जावं लागतं. ओलसर हिरवळीत आणि भाताच्या बांधांवर वाढणारी झ्युक्झाईन स्ट्राट्युमाटिका तर हिवाळ्यात फुलते. तोवर आमरी शोधणारे डोंगर उतरून घरी गेलेले असतात.

ओळख पटवायला जुन्या नोंदींचा आधार आहे. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद डाल्झेल आणि गिब्सन यांनी १८६१मध्ये ‘द बॉम्बे फ्लोरा’त केली. वर उल्लेख केलेल्या ग्रँडिफ्लोरिफॉर्मिसला आजचं नाव दिलं ते फादर ब्लॅटर आणि चार्ल्स मकॅन यांनी, १९३२मध्ये. फादर सांतापाव आणि कापडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ १९६६मध्ये आलं. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेले नमुने आजही आहेत. अलीकडे डीएनएच्या तुलनेमुळे काही नावं बदलली. खाली मान घातलेल्या फुलांच्या घोसावरून ओळखू येणारी जिओडोरम आता अमरकंदाच्या युलोफिया प्रजातीत धरली जाते. दिसणं वेगळं असलं, तरी नातं जवळचं निघालं.

या आमरी उपटून कुंडीत लावणाऱ्यांच्या हाती बहुधा निराशाच येते. आमरीचं बी धुळीइतकं सूक्ष्म असतं आणि त्यात अन्नाचा साठाच नसतो. मातीतल्या ठरावीक बुरशीचे धागे बीपर्यंत पोहोचले आणि त्यांनी अन्न पुरवलं, तरच ते रुजतं. मोठं झाल्यावरही अनेक जाती या बुरशीवर कमी-अधिक अवलंबून असतात. कंद उचलून आणता येतो, पण तिथली माती आणि तिच्यातला हा शेजार आणता येत नाही. उताराचा एक तुकडा जेसीबीने सपाट केला, तर रोपांसोबत हा शेजारही जातो. मग आसपासहून बी उडून आलं, तरी ते रुजेलच असं नाही.

म्हणून रोपाला हात न लावता केलेली नोंदच उपयोगाची. फुलाचा एक फोटो समोरून घ्या, एक बाजूने, नळी आणि बीजकोश दोन्ही दिसतील असा, मोजपट्टी शेजारी धरून. एक पानांचा, एक आख्ख्या रोपाचा. तारीख आणि जमीन कशी आहे, कातळ, गवत की झाडांची सावली, हेही टिपा. नेमकी जागा मात्र जाहीर करू नका, कारण कंद खणून नेणारेही अशा नोंदी वाचतात. एवढं हाती असेल, तर जाणकाराला जातीपर्यंत पोहोचता येतं, आणि नाहीच पोहोचता आलं तर निदान कुठे अडलं ते तरी नीट सांगता येतं.