आपले बऱ्हाणपूर जुन्या नकाशात



वर्गात भारताचा नकाशा लावला की मुले आधी तापीवर बोट फिरवून बऱ्हाणपूर शोधतात. आपला हा प्रदेश युरोपातल्या छापील नकाशात कसा पोहोचला, ते सांगतो.

नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरला, जहांगीर बादशहाकडे निघाला होता. वाटेत तो आपल्या शहरात थांबला आणि शहजादा परवेझला भेटला. १६१९ मध्ये तो मायदेशी परतला. त्या जहाजावर विल्यम बॅफिन नावाचा अनुभवी दर्यावर्दी होता. रोने दिलेल्या माहितीवरून त्याने मोगल राज्याचा नकाशा काढला. तो त्याच वर्षी लंडनला छापला गेला.

त्या काळी नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरीत. कारागीर टोकदार अवजाराने नद्या, डोंगर, गावांची नावे कोरी. अक्षरे उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटत. कोरलेल्या रेघांत शाई भरून वरची पुसून काढायची आणि ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. रंग नंतर हाताने भरत. पत्र्यावरची चूक सुधारणे कष्टाचे आणि खर्चाचे काम. शिवाय एकाचा नकाशा पाहून दुसरा कोरी. बॅफिनच्या नकाशावरून हॉलंडच्या नकाशाकारांनीही पुढे आपले नकाशे बेतले. म्हणजे खरे-खोटे दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या छापले जाई.

आता महत्त्वाची गोष्ट. सुमारे १६१५ मध्येच आपल्याकडे कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. हिंदीच्या पुस्तकात ज्यांचे दोहे आपण शिकतो, त्या अब्दुल रहीम खानखानांच्या काळातले हे काम. सातपुड्यातून जमिनीखाली झिरपणारे पाणी अडवून, कुंड्या भुयाराने जोडून शहरात आणले. एवढी मोठी विद्या, पण त्या नकाशात तिचा मागमूस नाही. वाटसरूला जे दिसले आणि कानावर आले, तेच नकाशात गेले. जमिनीखालचे पाणी गावकऱ्यांनाच ठाऊक होते.

म्हणून नकाशा बघताना दोन प्रश्न विचारावेत : हा कोणी काढला, आणि यात काय राहून गेले?

मुलांनो, या सुट्टीत आपापल्या मोहल्ल्याचा नकाशा काढा. जुन्या विहिरी, कुंड्या, बारव आजी-आजोबांना विचारून त्यात दाखवा. पालकांनी सोबत जावे. विहिरीच्या काठाशी मुलांना एकटे सोडू नये. जी विहीर कोणत्याच नकाशात नाही, ती बुजली तरी कोणाच्या लक्षात येत नाही. आपले पाणी आपणच नोंदवले पाहिजे.

— प्राचार्य