‘बांगलादेश बंद आहे’ म्हणजे नेमकं काय? कड्याच्या कांद्याचा भाव दिल्ली आणि ढाक्यात कसा ठरतो

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातला शेतकरी कांदा घेऊन कड्याला जातो, नाहीतर सोलापूर किंवा अहिल्यानगर गाठतो. भाव पडलेला असला की आडतीवर एक उत्तर हमखास ऐकू येतं. "काय करणार भाऊ, बांगलादेश बंद आहे." शेतकरी पट्टी खिशात घालतो आणि मोकळ्या गाडीत बसून गावाकडं निघतो.

पण बांगलादेश ही काही बाजार समिती नाही की सुट्टी असली म्हणून बंद राहावी. तो एक देश आहे. तो ‘बंद’ कसा होतो? कोण बंद करतं? आणि दोन हजार किलोमीटरवरच्या त्या सीमेचा आपल्या चाळीतल्या कांद्याशी काय संबंध? हे नीट समजून घेतलं तर निदान पुढच्या वेळी कोणत्या बातमीकडं लक्ष द्यायचं ते कळेल.

गिऱ्हाईक केवढं मोठं?

भारताची सगळ्यात लांब सीमा पाकिस्तानशी नाही, चीनशीही नाही. ती बांगलादेशाशी आहे, ४,०९६ किलोमीटर. या सीमेवरच्या पेट्रापोल, घोजाडांगा, हिली, महदीपूर अशा नाक्यांवरून कांद्याचे ट्रक पलीकडं जातात. गेदे-दर्शना मार्गानं रेल्वेनंही माल जातो.

२०२३-२४ या वर्षात भारतातून १७.१७ लाख टन कांदा परदेशात गेला. त्यातला सुमारे सव्वासात लाख टन एकट्या बांगलादेशानं घेतला. म्हणजे बाहेर गेलेल्या दर दहा गोण्यांपैकी चार गोण्या तिकडं गेल्या. तेही अशा वर्षात, ज्यात जवळपास चार महिने निर्यातबंदी होती.

तिकडं कांदा पिकत नाही असं नाही. पाबना, फरीदपूर, राजबाडी हे त्यांचे कांद्याचे जिल्हे आहेत. मुख्य पीक मार्च-एप्रिलमध्ये निघतं. पण साठवणुकीची सोय कमी आणि हवा दमट, त्यामुळं बराच माल सडतो. सप्टेंबर उजाडला की टंचाई सुरू होते, आणि ती डिसेंबर-जानेवारीत त्यांचा ‘मुडीकाटा’ नावाचा लवकरचा कांदा येईपर्यंत टिकते. त्याच दिवसांत आपल्याकडं चाळीतला उन्हाळी कांदा शिल्लक असतो आणि मागून खरिपाचा लाल कांदा येत असतो. त्यांची गरज आणि आपला माल एकाच वेळी, म्हणून हा धंदा जमला.

भावाचा हिशोब उलटा चालतो

आपल्याला वाटतं, कड्यात भाव ठरतो आणि मग माल पुढं जातो. प्रत्यक्षात हिशोब उलटा असतो. सीमेवर काय मिळणार हे व्यापारी आधी बघतो, त्यातून आपला खर्च वजा करतो आणि उरलेल्या आकड्यावर लिलावात बोली लावतो.

एक साधं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. समजा सीमेवर पलीकडचा व्यापारी किलोला ३५ रुपये द्यायला तयार आहे. भाडं, गोणी, हमाली, घट आणि व्यापाऱ्याचा नफा मिळून १० रुपये गेले, तर शेतकऱ्याला २५ मिळू शकतात.

आता सरकारनं ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. पलीकडचा ३५ च्या वर जायला तयार नाही. मग शुल्क धरून ३५ व्हायचे तर मालाची किंमत २५ च धरावी लागते, कारण २५ वर ४० टक्के म्हणजे १० रुपये. या २५ मधून खर्चाचे तेच १० गेले. शेतकऱ्याच्या हातात राहिले १५. भाडं कमी झालं नाही, हमाली कमी झाली नाही. सगळा भार शेवटच्या माणसावर आला. पलीकडं टंचाई जास्त असेल तर तो व्यापारी थोडा भार उचलतो. पण आपल्याकडं आवक भरपूर असेल तर सगळा भार आपल्याच अंगावर येतो.

एका फाटकाला दोन कुलपं

सीमेचं फाटक एकच, पण त्याला कुलपं दोन आहेत. पहिल्याची किल्ली दिल्लीत आहे. शुल्क अर्थ मंत्रालय लावतं आणि निर्यातबंदी किंवा किमान निर्यात मूल्य विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, जाहीर करतं. गेल्या काही वर्षांत हे कुलूप कसं फिरलं ते बघा:

- ऑगस्ट २०२३: कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क.
- ऑक्टोबर २०२३: टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. त्याच्या खाली विकायचंच नाही.
- ८ डिसेंबर २०२३: पूर्ण निर्यातबंदी.
- ४ मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. बीड लोकसभेचं मतदान १३ मे रोजी होतं.
- सप्टेंबर २०२४: किमान मूल्य रद्द, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर. नोव्हेंबरात विधानसभा निवडणूक होती.
- १ एप्रिल २०२५: शुल्क पूर्ण रद्द.

दुसरी किल्ली ढाक्यात आहे. तिकडच्या व्यापाऱ्याला कांदा आणायचा तर त्यांच्या कृषी खात्याचा आयात परवाना लागतो. आडतीवर ‘आयपी’ म्हणतात तो हाच. परवाने थांबवले की फाटक उघडं असूनही ट्रक पलीकडं जात नाही. २०२५ मध्ये असंच झालं. आपल्याकडचं शुल्क एप्रिलमध्ये शून्यावर आलं, पण त्याच सुमारास ढाक्यानं परवाने बंद केले. ऑगस्टमध्ये थोडे दिवस खिडकी उघडली, पुन्हा मिटली. डिसेंबरात उघडली तेव्हा सुरुवातीला दिवसाला ५० परवाने, एका परवान्यावर जास्तीत जास्त ३० टन. म्हणजे दिवसाला १,५०० टन. एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाच्या मानानं हे काहीच नाही.

थोडक्यात, आपलं कुलूप निघालं तेव्हा त्यांनी त्यांचं लावलं.

त्यांनी कुलूप का लावलं?

याला दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यायला पाहिजेत.

पहिलं कारण त्यांचा शेतकरी. मार्च-एप्रिलमध्ये पाबन्याचा शेतकरी कांदा काढतो तेव्हाच भारताचा स्वस्त कांदा आला तर त्याचा भाव पडतो. तो सरकारकडं मागणी करतो, आयात थांबवा. गाऱ्हाणं आपल्यासारखंच आहे, फक्त सीमेच्या दुसऱ्या बाजूनं. फरक एवढाच की दिल्लीचं कुलूप बहुतेक वेळा शहरातल्या ग्राहकाचा कांदा महागला की लागतं, आणि ढाक्याचं कुलूप अलीकडं त्यांच्या शेतकऱ्यासाठी लागू लागलं आहे.

दुसरं कारण जुनं आहे, आणि ते आपण तयार केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये भारतानं अचानक निर्यात थांबवली. त्यानंतर काही दिवसांतच तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या. स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, असं त्या हसत हसत बोलल्या, आणि पुढच्या वेळी आधी कळवा म्हणाल्या. सभागृहात हशा पिकला. पण साधारण एका वर्षानं, १४ सप्टेंबर २०२० रोजी, पुन्हा रातोरात बंदी आली. कांद्यानं भरलेले ट्रक सीमेवर अडकले, माल जागेवर सडायला लागला. बांगलादेशानं लेखी नाराजी कळवली. ही बंदी १ जानेवारी २०२१ ला उठली. तिसरा दणका डिसेंबर २०२३ चा. त्या बंदीच्या काळात सरकारनं स्वतःच्या हातानं, सहकारी निर्यात संस्थेमार्फत, बांगलादेशाला ५० हजार टन द्यायचं ठरवलं. खुल्या बाजारातला शेतकरी मात्र बाजूलाच राहिला.

दुकानदार आज उघडा, उद्या बंद असा वागला तर गिऱ्हाईक दुसरं दुकान शोधणारच. बांगलादेशानं पाकिस्तान, म्यानमार, चीन, इजिप्त, तुर्कस्तान इथून कांदा आणून बघितला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरचं पीक वाढवलं. उन्हाळ्यात कांदा घेता यावा म्हणून तिकडच्या शेतकऱ्यांना नाशिकच्या एन-५३ जातीचं बियाणं वाटण्यात आलं. बियाणं आपलं, पीक त्यांचं.

असं आधीही घडलं आहे. २०१४-१५ नंतर भारतानं सीमेवरून होणारी जनावरांची वाहतूक कडक केली. तोवर बांगलादेशात ईदला लागणारी जनावरं मोठ्या संख्येनं भारतातून जायची. नंतर तिथल्या शेतकऱ्यांनी गोठे वाढवले आणि आता त्यांची गरज घरच्या घरी भागते. एकदा गेलेलं गिऱ्हाईक सीमा उघडली म्हणून लगेच परत येत नाही.

राजकारण बिघडलं आणि कापसालाही झळ लागली

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांची सत्ता गेली आणि त्या भारतात आल्या. मुहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार बसलं. हसीना यांना परत पाठवा ही ढाक्याची मागणी, त्या भारतात असल्याचा तिकडच्या लोकांचा राग, आणि बांगलादेशातल्या हिंदूंच्या सुरक्षेची भारताची चिंता, यांत संबंध ताणले गेले. २०२५ मध्ये त्याचं व्यापारात रूपांतर झालं.

एप्रिल २०२५ मध्ये भारतानं बांगलादेशाला आपल्या जमिनीवरून तिसऱ्या देशात माल पाठवण्याची दिलेली सवलत काढून घेतली. त्याच महिन्यात बांगलादेशानं जमिनीवरच्या नाक्यांमधून भारतीय सूत आणणं बंद केलं. १७ मे रोजी भारतानं तिकडच्या तयार कपड्यांना जमिनीवरची वाट बंद केली, फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरं ठेवली.

गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूरच्या कापूस उत्पादकाला वाटेल, याचा आपल्याशी काय संबंध? संबंध आहे. आपला कापूस जिनिंगमध्ये जातो, गाठी सूतगिरणीत जातात आणि भारताच्या सुताचा सगळ्यात मोठा खरेदीदार बांगलादेश आहे. जगाला कपडे शिवून देणाऱ्या या देशात कापूस जवळपास पिकतच नाही. सुताला समुद्राची वाट मोकळी आहे, पण वेळ जास्त लागतो. गिरणीचं सूत अडलं की गिरणी गाठी जपून घेते आणि जिनिंगवाला भाव देताना हात आखडतो. त्यातच केंद्रानं ऑगस्ट ते डिसेंबर २०२५ या काळात परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं. लांब धाग्याच्या कापसाला २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये आहे. तो मिळवायचा तर खासगी बाजाराच्या भरवशावर न राहता सीसीआयकडं नोंदणी करावी लागते, ती यामुळंच.

तरी एक गोष्ट लक्षात ठेवा. एवढं सगळं होऊनही व्यापार थांबलेला नाही. २०२४-२५ मध्ये भारतानं बांगलादेशाला सुमारे ११ अब्ज डॉलरचा माल विकला आणि त्यांच्याकडून दोन अब्जांच्या आसपास घेतला. विकणारे आपण जास्त आहोत. म्हणजे संबंध बिघडले तर जास्त गिऱ्हाइकी आपली जाणार.

मग आपण काय बघायचं?

ही कुलपं आपल्या हातात नाहीत. पण ती कधी फिरतात याचा अंदाज घेता येतो.

१. मार्च ते मे या काळात बांगलादेशाच्या मागणीवर भिस्त ठेवू नका. तेव्हा त्यांचा स्वतःचा कांदा बाजारात असतो आणि परवाने बंद व्हायची शक्यता जास्त.

२. शहरात किरकोळ कांदा झपाट्यानं महागतोय अशा बातम्या सुरू झाल्या की दिल्लीचं कुलूप आठवा. ऑगस्ट ते डिसेंबर हा धोक्याचा काळ आहे. २०१९, २०२० आणि २०२३, तिन्ही वेळा याच महिन्यांत निर्णय आले.

३. चाळीतला सगळा माल एकाच भावाच्या आशेनं धरून ठेवू नका. तीन-चार टप्प्यांत विकलेला बरा. एखादा टप्पा बंदीत सापडला तरी सगळं वर्ष बुडत नाही.

४. आडतीवर ‘बांगलादेश बंद’ ऐकलं की विचारा, कोणाकडून बंद? आपल्याकडून की त्यांच्याकडून? डीजीएफटीची अधिसूचना त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. अधिसूचना नसेल तर परवान्याचा प्रश्न आहे, किंवा ते नुसतं भाव पाडायचं निमित्त आहे.

मागायचं काय?

कांद्याचा प्रश्न आला की आपल्याकडं बहुतेक वेळा अनुदान मागितलं जातं. ते मिळालं तर चांगलंच. पण खरी मागणी दुसरी आहे. कोणताही निर्बंध लावायचा असेल तर आधी मुदत द्या, आणि वाटेत निघालेला माल जाऊ द्या. शेख हसीना यांनी २०१९ मध्ये दिल्लीत मागितलं होतं तेही हेच, आणि आष्टीच्या शेतकऱ्यालाही हेच पाहिजे. रातोरात बंदी आली की बड्या व्यापाऱ्याचा एक सौदा बिघडतो. ज्याची गाडी त्या दिवशी लिलावात उभी आहे, त्याचं मात्र वर्ष बिघडतं.

दुसरी मागणी रेल्वेची. १७ सप्टेंबर २०२५ पासून अहिल्यानगर ते बीड रेल्वे सुरू झाली आहे आणि कडा, आष्टी ही गावं या मार्गावर आहेत. नाशिक भागातून कांद्याच्या मालगाड्या बांगलादेशाला जाऊ शकतात, तर आपल्या भागातून माल भरायची सोय का होऊ नये, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना विचारायला हरकत नाही. गाडीभाड्यात वाचलेला रुपया उलट्या हिशोबात शेतकऱ्याकडं यायची शक्यता असते.

ढाक्यात सरकार कोणाचंही येवो आणि दिल्लीत कोणाचंही राहो, सप्टेंबरात तिकडं कांदा कमी पडणार आणि आपल्या चाळीत तो असणार. दोन्ही देशांची ही गरज बदललेली नाही. फाटक कधी उघडणार आणि कधी मिटणार, एवढं आधी कळलं तरी शेतकऱ्याचा अर्धा तोटा वाचेल.