स्पेनच्या डोंगरांतील निवांत रस्ते

स्पेन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर समुद्रकांठ, संत्र्यांच्या बागा आणि रखरखीत ऊन हींच चित्रें उभीं राहतात. नकाशा जरा लक्षपूर्वक पाहिला, तर मात्र निराळी गोष्ट दिसते. त्या देशाचा मध्यभाग म्हणजे समुद्रसपाटीपासून सहाशें ते सातशें मीटर उंचीचें विस्तीर्ण पठार असून, त्याच्या कडांवर व पोटांतही डोंगरांच्या रांगा पसरल्या आहेत. अशा मुलुखांत सायकल चालविणें हें कष्टाचें काम खरें. तरीपण चांगला डांबरी रस्ता, भोंवतीं डोंगर आणि बराच वेळ एकही मोटार नाहीं, असा योग येथें जितका जुळून येतो तितका युरोपांत थोड्याच ठिकाणीं जुळत असेल. हे रस्ते इतके निवांत कां, याचें उत्तर केवळ भूगोलांत सांपडत नाहीं. त्यासाठीं थोडा इतिहासही पाहावा लागतो.

उदाहरणादाखल आपण पूर्व स्पेनमधील तेरुएल हा एकच प्रांत घेऊं. क्षेत्रफळानें तो आपल्या पुणें जिल्ह्याहून थोडासाच लहान, म्हणजे सुमारें १४,८०० चौरस किलोमीटर आहे. पण २०११ च्या खानेसुमारींत पुणें जिल्ह्यांत चौऱ्याण्णव लक्ष माणसें मोजलीं गेलीं. तेरुएलची सारी वस्ती आज सव्वा ते दीड लक्षांच्या दरम्यान आहे. दर चौरस किलोमीटरास नऊच माणसें!

तेरुएल शहरांतून पूर्वेकडे ए-२२६ या क्रमांकाचा रस्ता निघतो. तो थेद्रियास, आयेपुथ, फोर्तानेते अशा लहान लहान गांवांवरून सुमारें नव्वद किलोमीटरांवर कांताबियेखा या कड्यावर वसलेल्या गांवीं पोंचतो. वाटेंत काबिगोर्दो, बियारोया व क्वार्तो पेलादो हे तीन मुख्य घाट लागतात, आणि तिहींचे माथे सोळाशें मीटरांच्या आसपास आहेत. आपल्या महाराष्ट्राचें सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. तेथें तेवढ्या उंचीवरून गाडीरस्ता जातो. अर्थात् तेरुएल शहरच नऊशें मीटरांवर असल्यामुळें सगळी उंची सायकलस्वाराला चढावी लागत नाहीं. या रस्त्याच्या दक्षिणेस बाल्देलिनारेस नांवाचें खेडें सुमारें १,६९० मीटरांवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही वर माणसें घरें बांधून, चुली पेटवून राहतात. तें स्पेनमधील सर्वांत उंच गांव समजलें जातें.

घाटाचा चढ शेंकड्यांत सांगण्याची पद्धत आहे. शेंकडा पांच चढ म्हणजे शंभर मीटर पुढें गेल्यावर पांच मीटर वर येणें. ऐकावयास हें क्षुल्लक वाटतें. पण पदार्थविज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यानें हिशेब मांडून पाहावा. माणूस व सायकल मिळून ऐंशी किलो वजन धरलें, आणि तें पांचशें मीटर उंच न्यावयाचें असलें, तर सुमारें तीन लक्ष ब्याण्णव हजार जूल इतकें कार्य करावें लागतें. सराव असलेला, पण शर्यतींत न उतरणारा मनुष्य ११० वॉट शक्ति तासभर टिकवूं शकतो असें मानलें, तर एवढ्या चढास एक तास लागेल. हवेचा व चाकांचा विरोध निराळाच. म्हणून अशा प्रदेशांत किलोमीटर मोजून दिवसाचा बेत करणारा फसतो. येथें उंची मोजावी. गिअर बदलल्यानें हें कार्य रतीभरही कमी होत नाहीं. तें अधिक फेऱ्यांवर वांटलें जातें, आणि प्रत्येक फेरीस पायाला कमी जोर लागतो, इतकेंच.

या घाटांतून जातांना दोहों बाजूंस मैलोगणती दगडी कुंपणें दिसतात. त्यांत चुना नाहीं, माती नाहीं. दगडावर दगड बसवून तीं रचलेलीं आहेत. ही कला स्पेनसह आठ देशांच्या नांवें २०१८ सालीं युनेस्कोच्या यादींत नोंदली गेली. कुंपणांच्या आंत पाहावें तों शेत पडीक, आणि मधोमध छप्पर खचलेलें घर. अशा एकाकी शेतवाड्यांना तेथें मासिया म्हणतात. एवढीं कुंपणें रचणारे हात गेले कोठें?

या डोंगराळ भागाचें नांव माएस्त्राथ्गो. लष्करी धर्मसंघांच्या मुख्याला ‘माएस्त्रे’ म्हणत. त्याच्या ताब्यांतील मुलूख तो माएस्त्राथ्गो. कांताबियेखा प्रथम टेंपलर सरदारांकडे व चौदाव्या शतकांत तो संघ मोडल्यावर सेंट जॉनच्या संघाकडे होतें. त्या काळीं हा प्रदेश दरिद्री नव्हता. येथील मेंढ्यांच्या लोंकरीला मोठी मागणी होती. इटलींतील प्रातो येथील प्रसिद्ध व्यापारी फ्रांचेस्को दातीनी याची पेढी माएस्त्राथ्गोंत लोंकर खरेदी करीत असे. खेड्यांतून दिसणारे दगडी वाडे व उंच मनोरे पुष्कळसे त्या लोंकरीच्या पैशावर उभे राहिले आहेत. पुढें लोंकरीचा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकांत गादीच्या वारशावरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांत सेनापति काब्रेरा यानें कांताबियेखा आपलें ठाणें केलें. १९३७-३८ च्या कडाक्याच्या हिंवाळ्यांत यादवी युद्धांतील एक अत्यंत भीषण लढाई तेरुएल शहरासाठीं झाली.

युद्ध संपल्यावरही या रानांत फ्रँकोविरोधी बंडखोर दडून राहिले होते. त्यांना अन्न मिळूं नये म्हणून १९४७ पासून मासियांतील शेतकऱ्यांना घरें सोडून गांवांत येऊन राहण्याची सक्ती झाली. जनावरें व शेत एकीकडे, मुक्काम दुसरीकडे; शेती अशी किती दिवस चालणार? त्यानंतरच्या दोन दशकांत यंत्रें आलीं, कारखान्यांत रोजगार निघाला, आणि तरुण मंडळी बार्सिलोना, वालेन्सिया, सारागोसा या शहरांकडे निघून गेलीं तीं परत आलीं नाहींत. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेरुएल प्रांताची वस्ती अडीच लक्षांच्या घरांत होती. ती जवळजवळ निम्म्यावर आली. शेजारच्या क्वेंका प्रांतांतील प्रियेगो गांवीं १९४५ सालीं जन्मलेला लुइस ओकान्या लहानपणींच गरिबीमुळें आईबापांबरोबर फ्रान्सला गेला, आणि १९७३ सालीं त्यानें फ्रान्सची सुप्रसिद्ध सायकलशर्यत जिंकली. ज्या डोंगरांत आज परदेशीं सायकलस्वार हौसेनें येतात, त्यांच्याच पायथ्याशीं जन्मलेल्या या अव्वल सायकलपटूस पोटासाठीं ते सोडावे लागले होते.

माणसें गेलीं, पण रस्ता राहिला. खेड्यांत चाळीस घरें असोत कीं चार, दूध, डाक व वैद्य तेथवर पोंचावयास डांबरी रस्ता हवाच. म्हणून सरकार तो राखतें. निवांतपणाचें रहस्य तें हें. कोंकणांतील वाचकांस हें फारसें अपरिचित वाटूं नये. २००१ ते २०११ या दशकांत महाराष्ट्राची वस्ती वाढली, पण रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची मात्र घटली. तेरुएलच्या लोकांनीं १९९९ सालीं ‘तेरुएल अस्तित्वांत आहे’ अशा अर्थाच्या नांवाची एक चळवळ सुरू केली. आपण आहों हेंच ओरडून सांगण्याची पाळी एखाद्या प्रांतावर यावी! २०१९ च्या नोव्हेंबरांत त्या चळवळीचा एक प्रतिनिधि देशाच्या लोकसभेंत निवडूनही गेला.

प्रवाशाच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. स्पेनमध्यें वाहनें उजव्या बाजूनें चालतात. आपल्याकडील माणसाची चूक रिकाम्या रस्त्यावरच होण्याचा संभव अधिक, कारण तेथें पुढें पाहून अनुकरण करावयास दुसरें वाहन नसतें. सायकलस्वारास ओलांडतांना मोटारीनें किमान दीड मीटर अंतर ठेवावें असा कायदा आहे, आणि तो बहुधा पाळला जातो. गांवांबाहेरील रस्त्यांवर शिरस्त्राण घालण्याची सक्ती २००४ पासून आहे. मात्र मूळ नियमांत लांब चढ चढतांना व अतिशय उन्हांत तें काढण्याची सवलत दिलेली होती. नियम करणाऱ्यांत कोणी तरी स्वतः सायकलवर बसणारा असावा!

ऋतूची निवड महत्त्वाची. याच प्रांतांतील कालामोचा येथें १७ डिसेंबर १९६३ रोजीं पारा शून्याखालीं तीस अंशांवर उतरला होता. उलट जुलै-ऑगस्टांत दुपार भाजून काढते. मे, जून व सप्टेंबर हे महिने त्यांतल्या त्यांत चांगले. दोन गांवांमधील अंतर कधीं कधीं वीस किलोमीटरांचें असतें; वाटेंत दुकान नाहीं, झोंपडी नाहीं. तेव्हां प्रत्येक गांवच्या चौकांतील झऱ्यावर बाटली भरून घ्यावी. ‘आग्वा पोताब्ले’ म्हणजे पिण्यायोग्य पाणी; त्यामध्यें ‘नो’ हा शब्द आला असेल तर तोंड धुवावें व पुढें जावें.

जेवणाची सोय कशी असते, हें विशेष सांगण्यासारखें आहे. गांवांतील शेवटचें दुकान बंद पडलें कीं उरलेलीं म्हातारीं माणसेंही शहराकडे जाऊं लागतात, हा अनुभव आल्यावर या प्रांतांतील अनेक गांवांनीं एकाच छपराखालीं किराणा दुकान, उपाहारगृह आणि उतारूंसाठीं दोन-चार खोल्या अशी व्यवस्था केली. इमारत गांवची; ती एखादें कुटुंब चालवितें. उन्हाळा सरल्यावर अशा घराचा जमाखर्च मोजक्याच गिऱ्हाइकांवर अवलंबून असतो. म्हणून सायकलस्वारानें सारी शिदोरी शहरांतून बांधून आणूं नये. पाव, चीज व कॉफी येथेंच घ्यावी. दुपारीं दोनपासून पांचपर्यंत दुकानाचें दार बहुधा लावलेलें असतें. सकाळचा घाट त्या हिशेबानें चढून यावा.