शहर मोठं, धागा आपला

परदेशातल्या मोठ्या शहरात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाजवळ सामान कमी आणि सल्ले जास्त असतात. माझा पुतण्या लंडनला नोकरी करतो. त्याने दहा दिवसांसाठी बोलावलं, तेव्हा भिवंडीतल्या मित्रांनी बघायच्या बत्तीस ठिकाणांची नावं सांगितली. ती सगळी बघून होत नाहीत आणि बघूही नयेत. पहिले तीन-चार दिवस असं शहर कसं बघावं, एवढंच आज सांगतो.

पहिली गोष्ट शरीराची. लंडनचं घड्याळ आपल्या मागे चालतं, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार. तिथे पहाटेचे तीन वाजतात, तेव्हा आपलं शरीर म्हणतं, साडेसात-साडेआठ झाले, ऊठ! त्याच्याशी भांडू नये. मी नमाज आटोपून, उजाडताच थेम्स नदीच्या काठाने चालायला निघालो. वेस्टमिन्स्टरच्या पुलापासून टॉवर ब्रिजपर्यंत रमतगमत चाललं, की पार्लमेंटचा मनोरा, सेंट पॉलचा घुमट, जुना किल्ला असं सगळं तिकिटाशिवाय दिसतं. दुपारनंतर डोळे मिटू लागतात. म्हणून पहिल्या दिवशी संध्याकाळचं काही ठरवू नये.

दुसरी गोष्ट नकाशाची. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ साली सुरू झाली, जगातली पहिली. तिचा आजचा नकाशा ज्या धर्तीवर आहे, तो हॅरी बेक या आराखडे काढणाऱ्या माणसाचा. १९३३ साली छापला गेला. विजेच्या जोडणीची आकृती असते तशा त्यात सरळ रेषा आहेत. गाडी कुठे बदलायची हे त्यावरून चटकन कळतं, अंतर मात्र कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही दोन स्टेशनं जेमतेम पाव किलोमीटर लांब आहेत. खाली उतरून गाडीची वाट बघेपर्यंत पायी जाणारा पोचलेला असतो! तेव्हा शहराच्या मधल्या भागात चालावं, पाय दुखले की दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसावं. बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत, त्यामुळे कार्ड जवळ हवं.

तिसरी गोष्ट संग्रहालयांची. तिथली मोठी राष्ट्रीय संग्रहालयं २००१ च्या अखेरीपासून सर्वांना मोफत आहेत. फुकट म्हटलं की माणूस एका दिवसात तीन बघतो आणि रात्री त्याला फक्त पाय आठवतात. त्यापेक्षा एका दिवशी एकच बघावं, त्यातलीही दोन-तीनच दालनं. कोणती? आपल्या धंद्याची, आपल्या गावची नाळ जिथे जुळते ती.

मी मागांच्या खडखडाटात वाढलो. यंत्रमागाचं पेटंट एडमंड कार्टराइटने इंग्लंडमध्येच १७८५ साली घेतलं. आमच्या गल्लीतले माग त्याच वंशातले. म्हणून मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय निवडलं. टिपूच्या लाकडी वाघाला सलाम करून इस्लामी कलेच्या दालनात गेलो. तिथे इराणमधला अर्दबिलचा गालिचा आहे. साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटर रुंद, सुमारे दोन कोटी साठ लाख गाठींचा. रंग विटू नयेत म्हणून त्यावरचा दिवा दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं लावतात. उजेड पडला आणि एका टोकाला अक्षरं दिसली. हाफिजचा एक शेर, त्याखाली मकसूद काशानी हे नाव आणि हिजरी साल ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०. सगळं विणलेलं.

माझे वडील आयुष्यभर माग चालवत होते. त्यांच्या ताग्यांवर मीटरचा आकडा असे, व्यापाऱ्याचा शिक्का असे. त्यांचं नाव कधीच नव्हतं. इथे पावणेपाचशे वर्षं टिकलेलं नाव बघून मला आधी आनंद झाला. मग शेजारची माहिती वाचली. मकसूद हा काम करवून घेणारा दरबारी माणूस असावा, असं जाणकार मानतात. म्हणजे गाठी मारणारे हात इथेही बिननावाचेच! दिवा विझेपर्यंत मी नाव सोडून गाठींकडे बघत राहिलो.

तुमचा धागा वेगळा असेल. रेल्वेत नोकरी केलेल्याने सेंट पॅन्क्रस स्टेशन बघावं. आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं थोरलं भावंड वाटतं. पुस्तकांनी ज्याला उभं केलं, त्याने किंग हेन्रीज रोडवरच्या दहा नंबरच्या घरी जावं. १९२१-२२ मध्ये तिथे विद्यार्थी असलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहत होते; २०१५ साली ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. मोठं शहर दहा दिवसांत कुणाचंच बघून होत नाही. पण आपल्या ओळखीचा एक धागा हाती लागला, तर ते परकं राहत नाही.