चोळा पॉवर हाऊस ते अंगावरचा घाम: पाण्याची वाफ होताना उष्णता जाते कुठे?

ठाकुर्ली: डोंबिवली-कल्याणच्या जुन्या रहिवाशांना ठाकुर्ली म्हटले की चोळ्याचे पॉवर हाऊस आठवते. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेवरची लोकल धावली. पुढे पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर आणताना ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या गाड्यांसाठी इथे कोळशावरचे वीजकेंद्र उभारले. ते आता बंद आहे. पण दहावीच्या ‘उष्णता’ या पाठातील सर्वांत चकवणारा मुद्दा समजून घ्यायला हे उदाहरण अगदी घराजवळचे आहे.

पारा का थांबतो?

30 अंशांचे एक किलो पाणी 100 अंशांपर्यंत तापवायला साधारण 70 किलोकॅलरी लागतात. त्यानंतर आच तशीच ठेवली तरी पारा हलत नाही. सगळ्या पाण्याची वाफ होईपर्यंत आणखी 540 किलोकॅलरी खर्च होतात, म्हणजे आधीच्या जवळपास पावणेआठ पट! ही उष्णता पाण्याचे रेणू एकमेकांपासून सोडवण्यात जाते, त्यांचा वेग वाढवण्यात नाही. म्हणून तापमान वाढत नाही. पुस्तकात याला ‘अप्रकट उष्मा’ म्हटले आहे. बर्फ वितळतानाही हेच घडते, फक्त तिथे किलोमागे 80 किलोकॅलरी पुरतात. (उघड्या पातेल्यातल्या डाळीला उकळी फुटल्यावर गॅस मोठा ठेवून डाळ लवकर शिजत नाही, नुसती वाफ वाढते.)

वाफेचे पुन्हा पाणी होताना हा उष्मा परत मिळतो. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो, तो त्यामुळेच. वीजकेंद्रात मात्र ही डोकेदुखी ठरते. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेली वाफ थंड करून, पाणी बनवून बॉयलरमध्ये परत पाठवावी लागते आणि तिने सोडलेली उष्णता थंड पाण्याबरोबर वाहून जाते. त्यासाठी भरपूर पाणी हवे. चोळ्याजवळ उल्हास नदी आहे. आजच्या चांगल्या कोळसा केंद्रांतही जळणातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश ते 40 टक्केच वीज बनते. (बॉयलरमधील दाबाला 540 हा आकडा कमी होतो. परीक्षेत मात्र 540 च लिहा.)

हेच गणित अंगावर

आपले शरीर वाफेचा हाच गुण उलट्या बाजूने वापरते. त्वचेवरचा एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर शरीरातून सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता निघून जाते. अट एकच: घाम वाळला पाहिजे. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर तो नुसता ओघळतो आणि शरीर तापतच राहते. त्यामुळे किनारपट्टीवरचे 38 अंश आणि विदर्भातील 38 अंश सारखे नसतात. हवामान विभागाच्या निकषानुसार किनारपट्टीवर पारा किमान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. मैदानी भागात ही सुरुवात 40 अंशांपासून होते.

16 एप्रिल 2023 रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यासाठी लोक खुल्या मैदानात भर उन्हात बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला.

गर्दीच्या लोकलमध्ये दारातला वारा म्हणूनच हवाहवासा वाटतो. तो अंगालगतची दमट हवा हटवतो आणि घाम वाळतो. रुमालाने टिपलेला घाम मात्र वाफ न होताच निघून जातो, शरीरातली उष्णता तिथेच राहते.